दवाखान्यातली पाचवी

जळगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांची खोली आहे. तिथं सगळ्या सिस्टर, आणि ब्रदर एकच. त्याचं नाव प्रेमराज. अंगानं धिप्पाड, खांदे रुंद, मिशा अशा की भलंमोठं पोरही दचकावं. आणि या गड्याचं काम काय, तर ओंजळीत मावणाऱ्या जिवांना वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, त्यांचे लंगोट बदलायचे, त्यांच्या श्वासावर नजर ठेवायची. नवीन आलेली प्रत्येक आजी दारातच थबकते आणि पदर सावरते. प्रेमराजला याची इतकी सवय झालीय की तो स्वतःच सांगून टाकतो, "आजी, मी इथला नर्सच आहे. मिशा वडिलांच्या हट्टाच्या आहेत, हात माझे आहेत."

हात मात्र खरोखर बघण्यासारखे. तो मूळचा सावद्याचा. त्याचे वडील केळीच्या बागांतून घड वाहायचे, आणि सुट्टीत प्रेमराजही त्यांच्यासोबत जायचा. खांद्यावर जाड गादी, गादीवर घड, आणि बांधावरून ट्रकपर्यंत चालत जायचं. केळीचं असं असतं की आज धक्का लागला तर आज काहीच दिसत नाही, मागाहून काळं पडतं. म्हणून वडील सारखे ओरडायचे, "घड आहे रे तो, पोतं नाही! हळू!" त्या ओरडण्यानं पोराचे हात मऊ झाले. पुढं धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा गावातल्या टवाळांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. कुणी म्हणे, साडी कोणत्या रंगाची घेणार? आईसुद्धा चार दिवस रुसून होती. प्रेमराज चिडला, रडला, पण गेला. आणि शिकून आला तो सगळ्यांची तोंडं बंद करणारा नर्स होऊन आला.

त्या खोलीच्या प्रमुख आहेत डॉक्टर सारिका. बाई कडक, बोलणं सुरीसारखं, पण एखाद्या बाळाचं वजन जरा वाढलं तरी अख्ख्या वॉर्डाला चहा पाजणारी. प्रेमराजशी त्यांचं रोज एक तरी भांडण होतं आणि रोज मिटतं. फक्त एका गोष्टीवर दोघांचं कधीच भांडण झालं नाही, आणि ती गोष्ट म्हणजे पाचवी.

खानदेशात कुणाला सांगायला नको. बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी संध्याकाळी सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते. तिच्यासाठी घरात पाटा-वरवंटा मांडायचा, कणकेचा दिवा लावायचा, जवळ कोरा कागद आणि पेन ठेवायचा. आता ठणठणीत बाळ असेल तर कुणाची काय हरकत? पण नाकात नळी असलेलं, उबेवर ठेवलेलं बाळसुद्धा लोक पाचव्या दिवशी उचलायचे. पाचवी घरीच व्हायला हवी ना! सही करायची, गाडीत बसायचं, चालले. प्रेमराज दारात आडवा व्हायचा, हातापाया पडायचा, शेवटी ओरडायचा. आजीबाई त्याला एका वाक्यात गार करायच्या. "तू बाप्या माणूस. तुला काय कळतंय त्यातलं?"

रावेरकडचा नवल असाच आपली मुलगी घेऊन गेला होता. प्रेमराजनं त्या पोरीला थेंब थेंब दूध पाजून जगवलं होतं. सुट्टीच्या दिवशी त्यानं मोटारसायकल काढली आणि विचारत विचारत नवलचं घर गाठलं. घरात आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली होती. तो हसत पुढं झाला, झोळीचा काठ हातानं खाली ओढून आत डोकावला. झोळी रिकामी होती. नवलच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला, तेवढंच. परतताना प्रेमराज केळीच्या बागेच्या कडेला गाडी थांबवून ओक्साबोक्शी रडला. त्यानंतर त्या खोलीत पाचव्या दिवसाची सकाळ उजाडली की तो दारातून हलायचा नाही, आणि खोलीत रोज कुणाचा ना कुणाचा पाचवा दिवस असतोच.

याच दवाखान्याचा एक गुरुवार असतो. म्हणजे दर गुरुवारी दुपारी डॉक्टर सारिकांच्या खोलीत मोठा पडदा लावतात आणि वेगवेगळ्या देशांतल्या अशाच बाळखोल्या एकमेकींशी बोलतात. आफ्रिकेतल्या मलावीचे डॉक्टर चिसोमो, नेपाळच्या तराईतल्या मैया सिस्टर, आणखी दोनतीन देशांतले लोक. सगळ्यांची गाऱ्हाणी तीच. बाळं फार, हात थोडे, वीज कधी असते कधी नसते. कुणाला काही जमलं की तो दुसऱ्याला सांगतो. आईच्या उघड्या छातीशी बाळ लावून वरून कापडानं बांधून ठेवायचं, त्याला कांगारू केअर म्हणतात, त्यातल्या कितीतरी खुब्या मलावीकडून जळगावला आल्या. आणि नऊवारीच्या पदराची अशी गाठ बांधायची की आईला दोन्ही हात मोकळे राहतात, ती जळगावहून नेपाळला गेली. गाठ प्रेमराजनं स्वतःच्या छातीवर उशी बांधून दाखवली होती. त्या मिशा आणि ती उशी बघून मलावीचा अख्खा वॉर्ड हसून लोटपोट झाला होता.

अशाच एका गुरुवारी बोलणं निघालं, बाळं मध्येच घरी का नेतात. डॉक्टर चिसोमोंनी साधा प्रश्न विचारला, "तुमच्याकडं कोणत्या दिवशी नेतात?"

"पाचव्या," प्रेमराज आणि डॉक्टर सारिका एकदमच बोलले. डॉक्टरांनी वर जोडलं, "अंधश्रद्धा. दुसरं काय!"

पडद्यावर मैया सिस्टर एकदम सरसावून बसल्या. त्या हिंदीतच बोलायच्या. "हमारे यहाँ छठा दिन. बच्चे के पास कागज-कलम रखते हैं. रात को नसीब लिखा जाता है."

"कागद आणि पेन?" प्रेमराज खुर्चीतून उठलाच. "अहो मॅडम, ही तर आपलीच बाई! ही तिकडंपण जाते?"

डॉक्टर सारिकांनी कपाळाला हात लावला. पण चिसोमो डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सगळं नीट समजावून घेतलं आणि मग म्हणाले, "मला एक सांगा. ती घराच्या पत्त्यावर येते की बाळाच्या?"

मैया सिस्टर म्हणाल्या की त्यांनी गेल्या महिन्यात एका आजीला दवाखान्यातच बोलावून तिचा सगळा विधी करू दिला, आणि ते बाळ राहिलं. एकच बाळ, पण राहिलं. डॉक्टर सारिका बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "प्रेमराज, मला हे पटत नाही. पण बाळ जाण्यापेक्षा मला न पटलेलं बरं. करून बघू."

करून बघायची वेळ लगेच आली. पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या वाटेवरच्या एका गावातून रूपा नावाची पोरगी आली होती. पहिलंच बाळंतपण, आठव्याच्या सुरुवातीलाच झालेलं. मुलगा. इवलासा, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. प्राणवायूची नळी लावलेली. रूपाचा नवरा किरण गरीब गाय. घरात शब्द चालायचा तो त्याच्या आईचा, ताईबाईचा. ताईबाई म्हणजे उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चार दिवस ती बाहेरच्या बाकावर बसून होती आणि प्रेमराजवर डोळा ठेवून होती. पाचव्या दिवशी सकाळी ती उठली आणि सरळ आपल्या अहिराणीत म्हणाली, "भाऊ, गाडी सांगेल शे. आज पाचवी शे. आम्ही पोऱ्याले लई जातस."

पोराला घरी न्यायचं ऐकताच प्रेमराजनं खोलीच्या काचेतून आत बघितलं. या बाळाची नळी काढली तर ते गाव गाठणार नव्हतं, पारोळाही नाही. हे त्याला ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, रूपालाही कळलं होतं. ती बाळाला छातीशी धरून नुसती मुसमुसत होती. नेहमीसारखं ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "अक्का, पाचवी आपण इथंच करू."

ताईबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आठे? दवाखानामा? पाटा-वरवंटा शे का तुन्हा दवाखानामा?"

"आणतो!" प्रेमराज छातीठोकपणे म्हणाला आणि निघाला.

बोलायला काय जातं! जळगावसारख्या शहरात आता पाटा सापडायला हवा ना. कॉलनीत दारोदार विचारलं. ज्याच्या त्याच्या घरी मिक्सर. एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चटणी वाटून हवी का? द्या, मी करून देते." दुसऱ्या घरचा पाटा कुंड्यांखाली गेला होता आणि दोन तुकडे झाला होता. शेवटी वॉर्डात साफसफाई करणाऱ्या कुंदाबाईनं त्याची दया येऊन सांगितलं की तिच्या मोरीत एक पाटा आहे, त्यावर ती कपडे आपटते. प्रेमराजनं तो उचलला, मोटारसायकलवर पुढं पायांत धरला, वरवंटा खिशात जाईना म्हणून शर्टात घातला, आणि पोट सुटल्यासारखा दिसत भर बाजारातून दवाखान्यात आला.

इथवर सगळं ठीक. पण नर्स तो शेवटी नर्सच. मोरीतला दगड बाळांच्या मजल्यावर नेणार कसा? त्यानं पाटा जंतुनाशकानं खसाखसा घासला, एकदा नाही, दोनदा. उकळत्या पाण्यानं धुतला. निर्जंतुक केलेल्या हिरव्या कापडात गुंडाळला, आणि दुपारी व्हरांड्यात नेऊन स्वतःच्या हातानं छान मांडून ठेवला. हळद-कुंकू, कणकेचा दिवा, कोरा कागद, सगळं जिथल्या तिथं. मग ताईबाईला मोठ्या थाटात बोलावलं.

ताईबाईनं वाकून पाट्याचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "कसाना वास शे हाऊ? सटवाई येई का हाई हुंगीसन पयी जाई?" सटवाई पळून जाण्याच्या त्या काळजीतच तिची नजर मांडामांडीवर गेली. "आनि हाई बठ्ठं कोणी मांडं?"

"मी," प्रेमराज म्हणाला. तो शाबासकीची वाट बघत होता.

"अरे देवा! बाप्या माणूसनी मांडेल पाचवी?" ताईबाईनं कपाळ बडवलं. "किरण! गाडी बलाव!"

झालं! सगळं मुसळ केरात. प्रेमराजला स्वतःच्या मूर्खपणाची इतकी चीड आली की तो वरवंट्यावर डोकं आपटून घ्यायचाच बाकी राहिला. बायकांचा विधी तो, आपण कशाला शहाणपणा करायला गेलो? तेवढ्यात डॉक्टर सारिका बाहेर आल्या. त्यांनी काय झालं ते विचारलं, पांढरा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि ताईबाईसमोर खाली बसल्या. "अक्का, मला यातलं काही येत नाही. माझ्या घरी कुणी केलं नाही. तुम्ही सांगा, मी मांडते. पण माझ्या दोन अटी आहेत. दिवा आत येणार नाही, कारण आत प्राणवायू आहे, भडका उडेल. आणि बाळाला हळद-कुंकू लागणार नाही."

"मंग लेकरूजवळ दिवा नही, कपायले कुकू नही, हाई कसी पाचवी?" ताईबाई आता नुसती रागावली नव्हती, तिचे डोळे भरले होते. "डाक्टरीनबाई, मन्हा पहिला नातू शे. त्यान्हं नशीब कोरं राहीनं, मंग? तू भरी देशी का?"

ही बाई अडाणी नव्हती, दुष्ट नव्हती. नातवासाठी तिचा जीव तुटत होता, प्रेमराजचा तुटत होता तसाच. इतकी वर्षं आपण या बायकांशी भांडलो आणि हे एकदाही मनात आलं नाही, याची त्याला लाज वाटली. काय करावं सुचेना तेव्हा त्यानं खिशातून फोन काढला आणि व्हिडिओवर मैया सिस्टरना लावला. सुदैवानं त्या ड्युटीवर होत्या. त्यानं फोन ताईबाईच्या हातात दिला.

पडद्यावर निळ्या साडीतली, नाकात फुली घातलेली एक बाई. ताईबाईनं फोन जरा लांब धरला. "कोण वं तू?"

मैया सिस्टर म्हणाल्या, "नेपाल से हूँ, अम्मा. हमारे यहाँ भी आती है वो. छठे दिन. यहाँ अस्पताल में भी आई थी."

"छठे?" ताईबाईनं विचारलं. "पाचवे नही?"

"नहीं अम्मा, छठे."

ताईबाई मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती हे तिच्या हलणाऱ्या ओठांवरून कळत होतं. मग ताईबाई हळूच म्हणाली, "पाचवे दिन आठे. सहावे दिन तठे. म्हंजे आठेतूनच जास ती तठे." तिनं किरणकडं बघितलं. "नेपाळ कितलं दूर शे रे?"

"गंज दूर शे, माय," किरण म्हणाला. "डोंगर शेतस मधमा."

"एक दिवसमा नेपाळ जास," ताईबाई म्हणाली, "तिले जळगावना दवाखाना नही सापडाव का? बिचारी कितली पयस!" आणि फोन प्रेमराजच्या हातात देत तिनं पदर खोचला. "चाल वं डाक्टरीन. उठाड हाई बठ्ठं. पहिलेपासून मांड."

प्रेमराजला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं.

दिवेलागणीला व्हरांड्यात, मोठ्या काचेसमोर पाचवी मांडली गेली. मांडली डॉक्टर सारिकांनी, ताईबाईच्या शिव्या खात. "असा नही, आडवा! इतलं शिकेल शे नि पाटा मांडता येत नही!" डॉक्टर मुकाट्यानं पाटा फिरवत होत्या. खोलीचं दार बंद होतं. काचेच्या आत, काचेला लागूनच, खुर्चीवर रूपा बसली होती, बाळ तिच्या उघड्या छातीशी बांधलेलं, वर लाल पदर, नळी जागच्या जागी. ताईबाईनं दिवा लावला. मग कुंकवाचा करंडा घेऊन ती काचेजवळ गेली आणि आत जिथं बाळाचं कपाळ दिसत होतं, नेमकं तिथं, काचेवर, तिनं अंगठ्यानं कुंकू लावलं. आतून पाहिलं तर ते काचेवर होतं, बाहेरून पाहिलं तर बाळाच्या कपाळावर. रूपा पहिल्यांदा हसली.

कोरा कागद होता, पेन नव्हता. किरणनं आपला पुढं केला. ताईबाईनं तो बाजूला सारला आणि प्रेमराजच्या खिशाकडं बोट दाखवलं. रोज सकाळी बाळांची वजनं तो ज्यानं लिहायचा, तो साधा निळा पेन. "हाऊ दे. ह्याले वजन वाढाडानी सवय शे."

बाळ राहिलं. महिना होऊन गेला, नळी निघाली, ते स्वतः चोखून दूध प्यायला लागलं, आणि गालावर खळी दिसण्याइतकं मांस चढलं तेव्हा घरी गेलं. त्या गुरुवारी पडद्यावर ही गोष्ट सांगताना डॉक्टर सारिका मध्येच थांबल्या आणि चष्मा पुसत बसल्या. चिसोमो डॉक्टर म्हणाले की आता आपल्याकडच्या आज्यांनाही विचारतो, त्यांच्याकडं कोण कुठल्या दिवशी येतं ते. व्हरांड्यात आजही पाटा आहे, कोपऱ्यात उभा. काचेवरचं कुंकू कुंदाबाई पुसत नाही. पुसलं तरी काय, दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आजी लावतेच.

पण प्रेमराजला चैन नव्हतं. घरी गेलेल्या बाळाची धाकधूक दवाखान्यातल्यापेक्षा जास्त. गावाकडं थंडी पडली होती. सुट्टी मिळताच त्यानं मोटारसायकल काढली आणि धुळ्याची वाट धरली. पारोळा मागं पडलं, गाव आलं, घर सापडलं. अंगणात कुणी नव्हतं. दार उघडं. आत आढ्याला झोळी बांधलेली.

त्याचे पाय उंबऱ्यातच अडकले. पुढं जाऊ नये असं वाटलं, खरोखर वाटलं की असंच मागं फिरावं. मग तो गेला. झोळीचा काठ हातानं खाली ओढला आणि आत बघितलं.

झोळी रिकामी होती.

तो तसाच झोळीचा काठ धरून उभा होता, आणि मागून कुणीतरी खेकसलं, "काय हुडकी ऱ्हायना तठे?"

परसदारातून ताईबाई येत होती. हात कामाला मोकळे, एका हातात शेणकुटांची पाटी. छातीशी लुगड्याचा पदर घट्ट गुंडाळलेला, त्याला जळगावच्या दवाखान्यातली ती गाठ, आणि गाठीच्या वर एक टोपडं. टोपड्याखालून दोन डोळे प्रेमराजच्या मिशांकडं टक लावून बघत होते.

"थंडी कितली शे! झोळीमा टाकसू का मी त्याले?" ताईबाई म्हणाली. "छातीले लाव, छातीले लाव, तूच बोंबलत होता ना? मंग आत्ते रडस कसाले, बाप्या माणूस!"